मेक्सिकोची भाकरी आणि आपला पाटा

राळेगणसिद्धीच्या कोणत्याही घरात सकाळी तवा तापला की काठवटीतून जो थापण्याचा आवाज येतो, तो तुमच्या आमच्या इतका कानातला आहे की त्याकडे आपले लक्षही जात नाही. पण पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला, मेक्सिको नावाच्या देशातल्या खेड्यात, पिढ्यान् पिढ्या हाच आवाज झाला आहे. तिथल्या बाईच्या पुढ्यात बाजरीचे पीठ नसते, मक्याचा गोळा असतो. ती काठवट घेत नाही, दोन तळहातांमध्येच भाकरी फिरवत वाढवते. तिच्या तव्याला कोमाल म्हणतात. पूर्वी तो खापराचा असे, अजूनही पुष्कळ ठिकाणी असतो. भाकरीला नाव तोर्तिया. शहरांत आता यंत्रावरच्या तोर्तिया तागडीने तोलून मिळतात, तो भाग वेगळा.

आज मला या मेक्सिकन भाकरीविषयी, तिच्याबरोबरच्या ठेच्याविषयी आणि घेवड्याविषयी सांगायचे आहे. हे परदेशी कौतुक कशासाठी, असे तुम्ही विचाराल. तर आधी आपलाच डबा उघडून पाहा. हिरवी मिरची मूळची मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याला उतरली आणि तिथून घाट चढली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले. टोमॅटो तिकडचा, त्याचे नावसुद्धा तिथल्या नावात्ल भाषेतले. ठेच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मका तर मेक्सिकोचे कुलदैवतच. उपासाचे ताट पाहिलेत तर आणखी मौज आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, राजगिरा, सगळे अमेरिका खंडातून आलेले. राजगिऱ्याचे दाणे तव्यावर फोडून पाकात वळलेले लाडू आपण एकादशीला खातो, तसल्याच वड्या मेक्सिकोत ‘आलेग्रिया’ म्हणजे ‘आनंद’ या नावाने विकतात. बांधावरचे घायपात आणि दसऱ्याचा झेंडूसुद्धा तिकडचाच. आणि हो, गाजरगवतही! ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात दिसले आणि मग रानोमाळ माजले. ते खाण्यासाठी १९८३ साली जो किडा मागवावा लागला त्याला आपले शेतकरी मेक्सिकन भुंगा म्हणतात. गव्हाची गोष्ट तर कालपरवाची. मेक्सिकोत तयार झालेल्या बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे १९६६ साली भारताने आणले, आणि पोळी जी पूर्वी सणावाराची होती ती रोजची झाली.

तेव्हा माल आला, बियाणे आले. एक गोष्ट मात्र जहाजात चढली नाही. ती म्हणजे मका शिजवण्याची तिथल्या बायकांची रीत. तिच्यासाठीच हे भाषण.

ती रीत अशी. मेक्सिकोत मका कोरडा दळून भाकरी करत नाहीत. तो आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलाच पाट्यावर वाटतात. अशा मक्याला निश्तमाल म्हणतात. या शब्दात ‘राख’ या अर्थाचा शब्द दडलेला आहे, कारण चुन्याऐवजी लाकडाची राख वापरण्याचीही रीत होती. ही युक्ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे. तिने दोन गोष्टी होतात. पहिली लगेच हाताला कळते. मक्याचे कोरडे पीठ पाण्यात भिजवून थापायला घ्या, कडा फाटतात. तव्यावर टाकताना अर्धी भाकरी हातात राहते. बाजरीच्या जुन्या पिठाची विरी गेली म्हणजे जी गत होते तीच. सातपुड्यातले आदिवासी मक्याची भाकरी करतात, पंजाबात रोटी करतात, पण ऊन पाणी आणि हाताचे कसब यांच्या जोरावर. चुन्यात दाण्याचे वरचे साल विरघळते, त्याचा चिकटपणा पिठात उतरतो, आणि गोळा कणकेसारखा एकजीव राहतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि ती जिवावरची आहे.

मक्यात नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व असते. पण ते अशा रीतीने बांधलेले असते की आपल्या पोटाला ते सोडवून घेता येत नाही. चुना ते सोडवतो. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. पीक भरघोस, दाणा टपोरा, गरिबाचे पोट भरू लागले. पण त्यांनी तो आपल्या गव्हासारखा नुसता दळला. मग जिथे जिथे गरीब माणूस मक्यावरच जगू लागला तिथे तिथे एक रोग उठला. उन्हात उघडी राहणारी कातडी, म्हणजे मान, हात, पावले, काळवंडून खरखरीत होते, मग जुलाब, मग भ्रम, आणि शेवटी मरण. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. इटलीत त्याला खरखरीत कातडीवरून ‘पेलाग्रा’ हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस वेचणाऱ्या गरिबांत त्याने हजारो माणसे नेली. कोणी म्हणे मका सडका असतो, कोणी म्हणे हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने तो आहाराचा दोष आहे हे दाखवून दिले, आणि १९३७ साली नेमके कोणते द्रव्य कमी पडते ते कळले. मेक्सिकोतल्या ज्या बायका शतकानुशतके मका खात होत्या त्यांच्या घरी हा रोग सहसा नव्हता, आणि दोनशे वर्षे कोणालाही त्यांच्या हंडीत डोकावून पाहावेसे वाटले नाही! स्वयंपाकघरातल्या ज्ञानाला ज्ञान न मानण्याची ही खोड फार महाग पडली, असे मला वाटते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मक्यावर जगतो? बरोबर आहे. पण हा रोग आपल्या दख्खनमध्येही होऊन गेला आहे, ज्वारी खाणाऱ्यांत. हैदराबादला आज जी राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते तिथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास नुसत्या ज्वारीवर गुजराण करणाऱ्या मजुरांमधला पेलाग्रा अभ्यासला. ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकावर त्यांनी बोट ठेवले. पुढे त्यावर शास्त्रज्ञांत वादही झाले. पण एवढे मात्र निर्विवाद, की भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, पालेभाजी यांतले काही नियमाने पडले तर तो रोग जवळ येत नाही. नुसती चटणी-भाकरी खाऊन राबणे ही काटकपणाची खूण म्हणून आपण सांगतो. ती पुष्कळदा गरिबीची खूण असते.

राळेगणसिद्धीला हे वेगळे सांगायला नको. पारनेर तालुक्यातले हे गाव पर्जन्यछायेत बसलेले, पाऊस वर्षाला चारपाचशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळात अख्ख्या महाराष्ट्राने अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली. ज्यांनी ती मिलोची भाकरी खाल्ली ते आजही तिचे नाव काढले की तोंड वाकडे करतात. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले. मग श्रमदानाने तलावाची गळती थांबली, नालाबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी आले. ते सर्वश्रुत आहे. स्वयंपाकाच्या दृष्टीने मला त्यातल्या दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने नाही म्हटले आणि कडधान्य, तेलबिया, भाजीपाला यांना हो म्हटले. दुसरी, १९८० च्या सुमारास मंदिरात सुरू झालेली धान्य बँक. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याने त्यात घालायचे, ज्याचे सरले त्याने उसने न्यायचे आणि सुगीला वाढीव मापाने परत करायचे. भाकरीचे पीठ सावकाराच्या वहीतून सुटले ते असे.

बरं, आता चुलीकडे वळू.

मका आपल्या वस्त्यांवर आज भरपूर आहे, पण तो गोठ्यात जातो. हिरवा असताना त्याचा मुरघास होतो, वाळला तर कोंबड्यांच्या खाद्याला जातो. खाण्यासाठी घेताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. बियाण्याच्या पिशवीतला मका कधीही घेऊ नका. त्याला औषध चोळलेले असते. आणि बुरशी लागलेला, काळपट-हिरवट डाग पडलेला, कुबट वासाचा दाणा एकही नको. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवर, पंचमहाल आणि बांसवाडा भागात, पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. बुरशीचे ते विष शिजवून जात नाही. निवडताना घरातल्या म्हाताऱ्या आजींना बसवा. त्यांची नजर चाळणीपेक्षा चांगली असते.

पहिल्या खेपेला अर्धा किलोच घ्या. त्याला दीड लिटर पाणी आणि पाच ग्रॅम विझलेला चुना, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. पानाला लावायचा साधा पांढरा चुना चालतो. वास किंवा रंग घातलेला नको, भिंतीचा नको. कळीचा चुना घरात आणून स्वतः विझवण्याच्या भानगडीत पडू नका. पाणी पडताच तो उकळतो, आणि डोळ्यांत शिंतोडा उडाला तर डोळा जातो. पोरांना तर त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले चुना खातो.

चुना पाण्यात कालवून त्यात मका घाला आणि मंद आचेवर ठेवा. थोड्याच वेळात दाणे गर्द पिवळे होतील. अर्ध्या-पाऊण तासाने एक दाणा काढून बोटांत चोळा. साल सुटू लागले आणि दाणा दाताखाली आतून अजून कणीदार लागला, की उतरवा. अगदी मऊ शिजवायचा नाही. त्याचे कण्या होऊन जातात. झाकून रात्रभर ठेवा.

सकाळी ते पिवळे पाणी ओतून टाका. इथे पारनेरच्या माणसाला हात आखडावासा वाटेल, कारण पाणी ओतून टाकणे आपल्या अंगवळणी नाही. पण हे पाणी क्षाराचे आहे. ते जनावरापुढे ठेवू नका आणि परसातल्या एकाच रोपाच्या मुळाशीही ओतू नका. मग दोनतीन पाण्यांत मका दोन्ही हातांनी चोळून धुवा. साले तरंगून निघतात. थोडी राहिली तर राहू द्या, चिकटपणाला तीच उपयोगी पडतात. चुन्याचा वास गेला म्हणजे पुरे.

आता वाटण. मेक्सिकोतला पाटा, मेताते, तीन पायांचा आणि जरा उतरता असतो. बाई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसते आणि वरवंटा दोन्ही हातांनी पुढे ढकलते. दगड काळा, ज्वालामुखीतून आलेला, आपल्या सह्याद्रीच्या पाषाणाच्याच जातीचा. तुमचा पाटा अडगळीत पडला असेल तर त्याला टाकी लावून घ्या. पाथरवट आता वाडीवस्तीवर क्वचितच येतात, पण बाजाराच्या दिवशी भेटतात. पाट्यावर अर्धा किलो मका वाटणे हे तासाचे काम आहे, आणि खांदे भरून येतात, हे आधीच सांगते. हे सोसत नसेल तर इडलीचे पीठ दळायचे ओले यंत्र चालते. मिक्सरला पाणी जास्त लागते, गोळा सैल होतो; तसे झाले तर थोडे मक्याचे कोरडे पीठ घालून घट्ट करा. पिठाच्या गिरणीत ओला मका मुळीच नेऊ नका, गिरणीवाला पुन्हा दारात उभे करणार नाही. मात्र धुतलेला मका चादरीवर पसरून आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात खडखडीत वाळवला तर तो गिरणीत दळता येतो. ते पीठ हवे तेव्हा कोमट पाण्यात भिजवून वापरावे. त्याची चव ताज्याइतकी नाही, पण कष्ट निम्मे.

गोळा चांगला मळा, चवीपुरते मीठ घाला. मेक्सिकोत बहुधा मीठही घालत नाहीत. लिंबाएवढी गोळी करून दाबून पाहा. कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावा. तळव्याला चिकटली तर जरा वारा लागू द्या. दुधाची रिकामी पिशवी धुऊन कापा, तिच्या दोन तुकड्यांमध्ये गोळी ठेवा आणि वर ताटली ठेवून सरळ दाबा. ज्यांचा हात भाकरीवर बसलेला आहे त्यांना याची गरज नाही, त्यांनी खुशाल थापावी. फक्त आपल्या भाकरीपेक्षा लहान ठेवा, तळहाताएवढी. वीसपंचवीस होतील. तवा चांगला तापलेला, कोरडा. भाकरीला आपण वरून पाणी फिरवतो, इथे ते नाही. पहिली बाजू अर्धा मिनिट, कडा सुटल्या की उलटा. दुसरी बाजू मिनिटभर. पुन्हा उलटा आणि मधोमध बोटांनी किंचित दाबा. सगळे नीट जमले असेल तर ती फुगते, आपल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी. दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवत जा. वाफेने ती मऊ होते. तव्यावरून थेट ताटात घेतलेली जरा वातड लागते.

या भाकरीबरोबर साल्सा, म्हणजे तिकडचा ठेचा. आपल्या खर्ड्यात तव्यावर तेलाचे बोट, मिरच्या, लसूण, मीठ घालून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडतात. तिकडे तेल नाही. चार टोमॅटो, तीनचार हिरव्या मिरच्या, अर्धा कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या सालासकट कोरड्या तव्यावर ठेवा आणि डाग पडेपर्यंत फिरवत भाजा. टोमॅटोची कातडी काळी होऊन फुटली पाहिजे. भाजताना धीर सोडला तर नुसती कोशिंबीर होते. लसूण सोला. खलबत्त्यात आधी मीठ, लसूण आणि मिरची वाटा, मग कांदा, शेवटी टोमॅटो आणि वरून कोथिंबीर. तिकडचा खल मोल्काहेते, तोही काळ्या दगडाचा, तीन पायांचा. नारायणगावच्या बाजारात भाव पडून टोमॅटोची पाटी मातीमोल होते तेव्हा हे जास्त प्रमाणात करून, पुन्हा उकळून, चमचाभर तेलात परतून ठेवले तर थंड जागी चारपाच दिवस राहते. लाल साल्सा करायचा तर वाळलेल्या मिरच्या किंचित भाजून, देठ-बिया काढून, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटतात. मिरची भाजताना करपली तर ती कडू होते. तेवढी काढून टाका.

आणि घेवडा. भाकरी आणि मिरची एवढ्यावर मेक्सिकोचा माणूस थांबत नाही, घेवडा त्याला हवाच. आपल्याकडे साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, तो याच जातीचा. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळा आणि मग मातीच्या गाडग्यात कांदा घालून मंदावर मऊ शिजू द्या. ही दहा मिनिटांची उकळी चुकवू नका. कच्चट घेवड्याने उलट्या-जुलाब होतात. मीठ शेवटी. घोटून, थोड्या तेलात परतून भाकरीत गुंडाळून खायचा. मका आणि घेवडा यांतली प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या भाकरी-पिठल्यात हाच हिशेब आहे.

एक प्रश्न हटकून येईल, की चुना ज्वारीला लावला तर? तोही प्रयोग कोणीतरी आधीच केलेला आहे. आफ्रिकेतली ज्वारी जशी आपल्याकडे आली तशीच मध्य अमेरिकेतही गेली. होंडुरास आणि एल साल्व्हादोर या देशांत जिथे पाऊस कमी आणि मका मरतो तिथले शेतकरी ज्वारी अशीच चुन्यात शिजवून तिच्या तोर्तिया करतात. ज्वारीला चुना आणि वेळ दोन्ही कमी लागतात. आपल्या ताज्या दळलेल्या ज्वारीच्या भाकरीला मात्र मी हात लावणार नाही. ती आहे तशीच उत्तम आहे, सोबतीला फक्त पिठले किंवा उसळ विसरू नका.

उरलेल्या तोर्तिया दुसऱ्या दिवशी कडक होतात. त्या टाकायच्या नाहीत. हाताने तुकडे करून तेलात कुरकुरीत परता, वर उरलेला साल्सा घाला आणि दोन उकळ्या येऊ द्या. तिकडे याला चिलाकिलेस म्हणतात. आपल्या घरी शिळ्या भाकरीला फोडणी देतात त्याच वेळी, सकाळच्या न्याहारीला, हे खातात. वर कांदा चिरून घालावा, आणि घरात असेल तर चमचाभर घट्ट दही.